पहिल्या घराचा भाव बोलताना

प्रश्न : कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतील फ्लॅट आम्हा उभयतांना पसंत आहे. मालक ७८ लाख रुपये सांगतात आणि लगेच दोन लाखांचे टोकन मागतात. घर पहिल्यांदाच घेत असल्याने भाव कसा बोलावा, हे कळत नाही.

उत्तर : त्याच इमारतीत किंवा गल्लीत अलीकडे झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचे उतारे, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधी पाहावेत आणि त्यांतील किमतींच्या आधारेच आपला आकडा मालकांपुढे ठेवावा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देते व मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही, त्यामुळे उरलेले पैसे हाताशी आहेत का, हे भाव बोलण्याआधीच तपासावे. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

टोकनची घाई मात्र मुळीच करू नये. भागदाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र पाहिल्यावरच, कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकीहक्कात दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल असे लेखी घेऊन, धनादेशानेच ते द्यावे. लेखी द्यायला मालक तयार नसतील, तर माझ्या मते तो फ्लॅट सोडून द्यावा.