नवीन पीसीच्या पॉवर सप्लायचा पंखा घरघर करतोय, काय करावं?

आधी आवाज नक्की पॉवर सप्लायचाच आहे का, ते बघा. कागदाची सुरळी कानाला लावून कॅबिनेटच्या बाहेरून मागचा पंखा, प्रोसेसरची बाजू आणि सप्लायची जाळी असं एकेक ऐकत जा, लगेच कळतं. बारीक, शिट्टीसारखा आवाज गेम सुरू केल्यावर वाढत असेल, तर तो बहुधा पंख्याचा नसून कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा असतो.

टकटक येत असेल तर पीसी बंद करून प्लग काढा. एखादी वायर जाळीतून आत गेली आहे का बघा, मागचे चार स्क्रू घट्ट करा. सप्लाय खाली बसवलेला असेल आणि पंख्याचं तोंडही खाली असेल, तर कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नका. हवा कोंडली की पंखा जोरात फिरतो.

एवढं करूनही घरघर थांबली नाही, तर बहुधा पंख्याचं बेअरिंगच (ज्यावर तो फिरतो तो भाग) सदोष असणार. पण कृपा करून सप्लाय उघडू नका! आपल्याकडच्या 230 व्होल्टवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. शिवाय सील तुटलं की वॉरंटी गेलीच म्हणून समजा. आवाजाचा व्हिडिओ काढा, बिल घ्या आणि दुकानदाराकडून बदलून मागा.