‘मरुतस्यावसन्’ की ‘मरुत्तस्यावसन्’?

मंत्रपुष्पांजलीच्या शेवटी येणाऱ्या ‘मरुतः परिवेष्टारो…’ या श्लोकात पुढे ‘मरुतस्यावसन् गृहे’ म्हणायचं की ‘मरुत्तस्यावसन् गृहे’, आणि वारा नक्की कुणाच्या घरी राहतो, असा प्रश्न आहे.

जोड ‘त’च हवा. मरुत् आणि मरुत्त हे दोन वेगळे शब्द या ओळीत लागोपाठ आलेत, म्हणून घोळ होतो. ‘मरुतः’ म्हणजे मरुद्गण, वाऱ्याच्या देवतांचा समूह, अनेकवचन. मरुत्त हा राजा. एक ‘त’ गाळला की राजाच नाहीसा होतो आणि वारे वाऱ्याच्याच घरी राहायला जातात.

‘परिवेष्टारः’ वाचून ‘परिवेष्टित’ आठवतं आणि घराला वेढून राहिलेले वारे डोळ्यांपुढे येतात. पण ‘परिवेष्टित’ वेष्ट् धातूचं, म्हणजे गुंडाळण्याचं. इथला धातू परि + विष्, अन्न वाढणं. परिवेष्टा म्हणजे चक्क वाढपी! मरुत्ताच्या घरी मरुद्गण वाढपी होऊन राहिले आणि विश्वेदेव (देवांचा आणखी एक समूह) त्याचे सभासद होते, असा हा गौरव आहे. ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या ग्रंथात (८.२१) ऐंद्र महाभिषेक, म्हणजे इंद्रासारखा राज्याभिषेक, झालेल्या राजांच्या यादीत मरुत्त येतो. श्लोकाच्या शेवटचा ‘इति’ हे अवतरण संपल्याची खूण.

पुढच्या ओळीतल्या ‘आविक्षितस्य’मधला ‘आ’ही दीर्घच म्हणा. वसुदेवाचा वासुदेव, तसा अविक्षिताचा मुलगा आविक्षित, म्हणजे मरुत्तच. ऱ्हस्व केलात तर मुलाऐवजी बापाचं घर होतं.

ही चूक इतकी टिकली कशी? छंद अनुष्टुभ्, चरणात आठ अक्षरं. ‘म-रुत्-तस्-या-व-सन्-गृ-हे’ आठ, आणि ‘म-रु-तस्-या-व-सन्-गृ-हे’ही आठच. फक्त ‘रु’ गुरूचा (लांब उच्चाराचा) लघु (आखूड) होतो, आणि टाळ्यांच्या लयीत ते कानाला खटकत नाही. याउलट ‘अवसन्’चा पाय मोडायला विसरून ‘अवसनगृहे’ म्हटलं, तर नऊ अक्षरं होतात आणि चाल अडखळते. ती चूक लगेच कळते.

सरावासाठी ‘रुत्’वर जीभ वरच्या दातांमागे क्षणभर टेकवून ठेवा, मगच पुढचा ‘त’ सोडा: मरुत्-तस्या-वसन्-गृहे. टाळ्यांचा वेग वाढला की हा जोड ‘त’ सगळ्यात आधी निसटतो, म्हणून आधी टाळ्यांशिवाय म्हणून बघा.