ग्रॅमची वही

“बाळाचं वजन हवं तसं वाढत नाहीये.” माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या नव्या आयांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्याआधीचा सुस्काराही ओळखू येतो. म्हणून एका आईबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी पाच महिन्यांची, आईच्या मांडीवर गाढ झोपलेली. आईच्या हातात एक जाडजूड वही. घरी वजनकाटा होता आणि प्रत्येक वेळी पाजण्याआधी नि पाजल्यावर बाळ त्यावर ठेवलं जात होतं. आकडा घटला की त्याभोवती लाल गोल.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“ठीक आहे म्हणाले. पण मॅडम, आधी महिन्याला ८०० ग्रॅम वाढायची, आता ४००. निम्म्यावर आलं!”

डॉक्टरांनी नीट तपासलं होतं, म्हणूनच मी पुढे गेले. एरवी आधी तिकडेच पाठवते. पोटात न जाणाऱ्या दुधावर समुपदेशन हा उपाय नव्हे.

वहीतले महिन्याकाठचे सहाच आकडे आम्ही निवडले: जन्माचं २.७, मग ३.५, ४.३, ५.०, ५.५ आणि ५.९ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलींच्या तक्त्यावर तिनेच ते ठिपके मांडले. ठिपके ३ आणि १५ पर्सेंटाइलच्या रेषांमधून ओळीने वर चढत गेले. मुख्य म्हणजे तक्त्यातल्या सगळ्याच रेषा चौथ्या महिन्याच्या आसपास आडव्या कलायला लागतात. ज्या मंदावण्याने तिची झोप उडाली होती, ते तिथे आधीपासून छापलेलं होतं. २००६ साली आलेले हे तक्ते भारतासह सहा देशांतल्या, अनुकूल परिस्थितीत वाढलेल्या, आईच्या दुधावरच्या बाळांना मोजून केले आहेत. आणि पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. १५ च्या रेषेखाली १०० निरोगी बाळांतली १५ असतातच.

आईचं मन हलकं झालं आणि ती घरी गेली. पुढच्या आठवड्यात वही पुन्हा हातात.

मला याचं नवल वाटलं नाही. डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञही होते आणि मनोविश्लेषकही. आई आणि बाळ यांना सुटं सुटं पाहून काहीच कळत नाही, ही त्यांची दृष्टी माझ्या कामाच्या मुळाशी आहे. आकड्याचं उत्तर मिळालं होतं, पण त्या दोघींमध्ये काय चाललं होतं ते मी अजून विचारलंच नव्हतं.

“वही जरा मिटून ठेवा,” मी म्हटलं. “काल ती कशी होती, सांगा.”

“काल दिवसभरात चाळीस ग्रॅम…”

“आकडा नको. ती कशी होती?”

ती थांबली. बराच वेळ गेला. अशा शांततेत घाईने बोलायचं नाही, हे शिकायला मला काही वर्षं लागली आहेत. मग तिचे डोळे भरून आले. “मला आठवतच नाहीये. मी काट्याकडेच बघत होते.”

थोड्या वेळाने तिनेच पुढचं सांगितलं. बाळ पिता पिता तोंड फिरवायचं, ही पुन्हा छातीशी धरायची. ते रडायचं, पाठ ताठ करायचं, ही आणखी आग्रह करायची. हल्ली ते फक्त झोपेत नीट पीत होतं. मला धागा मिळाला तो इथे. वजनाच्या भीतीपोटी आग्रह, आग्रहापोटी बाळाचा नकार, आणि नकारातून पुन्हा भीती. बाळ “पुरे” म्हणत होतं, आणि ते ऐकायला काटा आड येत होता.

आम्ही ठरवलं: काटा कपाटात, वजन महिन्यातून एकदा आणि दवाखान्यातच. बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं, भूक दिसली की पुन्हा पाजायचं. मूठ चोखणं, तोंड उघडून शोधणं, चुळबुळ ही भुकेची भाषा. रडणं फार उशिरा येतं. वहीत आता रोज फक्त एक ओळ, बाळाबद्दल.

हेच मी सगळ्यांना सांगते. रोज वजन करू नका. एक ओलं लंगोट किंवा एकदाचं पाजणंही आकडा सहज हलवतं. वजन करायचं ते शक्यतो त्याच काट्यावर, बाळाला उघडं करून. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे चार ते सहा महिन्यांत ते दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट होतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं वय तक्त्यावर दुरुस्त करून, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून, धरतात. उंची आणि डोक्याचा घेरही पाहा, आणि बाळ तरतरीत आहे ना, हेही.

मात्र दोन आठवड्यांनंतरही जन्माचं वजन परत आलं नाही, बाळ एकामागून एक रेषा ओलांडून खाली येऊ लागलं, वजन थबकलं, दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होऊ लागले किंवा बाळ मलूल वाटलं, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे जा. सुस्त होऊन पिणंच सोडलं, तर त्याच क्षणी. “आपण उगाच घाबरतोय” असं म्हणून थांबू नका.

सहाव्या महिन्याचं वजन ६.३ किलो भरलं. पण त्या भेटीत हे मलाच विचारावं लागलं. ती वहीतली ओळ वाचून दाखवत होती: “आज पिता पिता थांबली, माझ्याकडे बघून हसली, दूध गालावरून ओघळलं, आणि मग पुन्हा प्यायला लागली.”