हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल हाती घेताना

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात विजेच्या पॅनलच्या कामात, केबलच्या टोकाला लग (बोल्टने जोडायचं धातूचं टोक) दाबून बसवणारं हे टूल पहिल्यांदा हाती आलंय ना, मग आधी डाय (लग दाबणारा दोन भागांचा साचा) ओळखायला शिका. केबल ७० चौरस मिमीची, तर लग ७०चा आणि डायही ७०चीच. मोठी डाय लावली की लग वरून दाबलेला दिसतो, आत तारा सैलच राहतात. लोड आला की तोच जोड तापतो. नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक हीच.

इन्सुलेशन लगच्या नळीपेक्षा २ मिमी जास्त सोला, एकही तार कापू देऊ नका. पहिला दाब बोल्टच्या भोकाकडे, पुढचा केबलकडे. डायचे दोन्ही भाग टेकेपर्यंत पंप मारा, मग जोर लावून ओढून बघा.

आणखी दोनच गोष्टी:
- काम संपलं की प्रेशर सोडूनच टूल पेटीत ठेवा.
- तेल हायड्रॉलिकचंच भरा. ब्रेक ऑइलने सील फुगतात.

चालू लाइनवर मात्र कधीच नाही.