बॉडी मूळची की नंतरची? विकलेल्या रोल्स-रॉइसवरून आलेली नोटीस

प्रश्न : आजोबांनी १९६१ साली एका संस्थानिक घराण्याकडून रोल्स-रॉइस २०/२५ घेतली होती. गाडी १९३२ची. आजोबा १९८४ मध्ये गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. गाडी आधी वडिलांनी सांभाळली, त्यांच्यानंतर मी. आर.सी. अजून आजोबांच्याच नावावर आहे. दोन आत्या आहेत. मागच्या वर्षी मी ‘मूळ हूपर बॉडी, संस्थानाच्या काळापासून जशीच्या तशी’ अशी जाहिरात दिली (हूपर म्हणजे गाड्यांच्या बॉडी बांधणारी कंपनी). एक संग्राहक निम्मे पैसे देऊन गाडी घेऊन गेला. चार महिन्यांनी त्याची नोटीस आली : चेसिस अस्सल आहे, पण बॉडी नंतर बसवलेली आहे; पैसे व्याजासह परत करा, नाहीतर फसवणुकीची फिर्याद करतो. थोरल्या आत्या म्हणतात, त्यांच्या लहानपणी गाडीला बंद टप होता. आता ती उघडी टूरर आहे. मी काय करू?

उत्तर : आत्यांचं म्हणणं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे, पण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. म्हणून आधी मला एवढंच सांगा : त्या हे तुम्हाला केव्हा म्हणाल्या? जाहिरात देण्याआधी, की नोटीस आल्यावर?

नोटीस आल्यावर म्हणाल्या असतील तर फिर्यादीच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला सौदा करतानाच मनात लबाडी असावी लागते. घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली गोष्ट खरी मानून जाहिरातीत लिहिली, ही लबाडी नव्हे. पण आधीच कानावर आलं असेल आणि तरीही ‘जशीच्या तशी’ लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग मला सगळं खरं सांगा आणि बाहेर कोणाशी एक शब्दही बोलू नका. खरेदीदाराला व्हॉट्सॲपवर समजावत बसू नका. असे संदेश पुढे कोर्टात वाचून दाखवले जातात, आणि ‘वाटल्यास पैसे परत देतो’ हे वाक्य तिथे फार वेगळं ऐकू येतं.

दिवाणी बाजूला मात्र तुमचा प्रामाणिकपणा पुरा पडत नाही. ते का, हे कळायला गाडी कशी बनायची ते पाहावं लागेल. आपल्याकडे आजही ट्रकची नुसती चेसिस घेऊन बॉडी दुसरीकडे बांधून घेतात. त्या काळी रोल्स-रॉइसचं तसंच होतं. २०/२५ हे मॉडेल १९२९ ते १९३६ या काळात डर्बीच्या कारखान्यात बनलं. कारखाना चेसिस, इंजिन आणि समोरचं रेडिएटर द्यायचा. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बांधणाऱ्याकडून करून घ्यायचं : हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली अशी नावं त्यात होती. ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. आपल्या पावसात आणि वाळवीत ते लाकूड किती टिकणार? शिवाय जुन्या, जड, बंद बॉडी काढून त्या चेसिसवर उघड्या टूरर चढवण्याची रीत जगभर होती, कारण उघड्या गाडीला संग्राहक जास्त मागे लागतात. त्यामुळे अशा गाडीला दोन जन्मदाखले असतात, चेसिसचा एक आणि बॉडीचा एक. नोटिशीत चेसिसबद्दल तक्रारच नाही. तुमचं वाक्य बॉडीबद्दल होतं.

मालविक्री कायदा, १९३०चं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. करार कायद्याच्या कलम १८ नुसार, हाताशी पुरेसा आधार नसताना ठामपणे केलेलं विधान, करणाऱ्याला ते खरं वाटत असलं तरी, ‘चुकीचं निवेदन’ ठरू शकतं. ‘आमच्या घरच्या माहितीप्रमाणे हूपर’ एवढं लिहिलं असतंत तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुमच्या बाजूनेही दोन मुद्दे आहेत. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये अपवाद आहे : साधी काळजी घेऊन खरं काय ते शोधता आलं असतं, तर निव्वळ चुकीच्या निवेदनाच्या आधारावर करार मोडता येत नाही. समोरचा माणूस संग्राहक आहे. गाडी नेण्याआधी त्याने ती किती वेळा पाहिली, सोबत कोणी जाणकार होता का, हे लगेच लिहून काढा. दुसरा मुद्दा चार महिन्यांचा. माल स्वीकारल्यावर खरेदीदाराला सहसा सौदा मोडता येत नाही, फक्त भरपाई मागता येते. या काळात त्याने गाडी रंगवली, रॅलीत नेली किंवा काही सुटं करून बदललं असेल, तर त्याचे फोटो जपून ठेवा. हे साधलं तर वाद ‘सगळे पैसे परत’वरून ‘किमतीतला फरक किती’ इथवर येईल. माझ्या मते तुम्ही लढायचं ते एवढ्यासाठीच.

तुम्ही कदाचित लंडनच्या उच्च न्यायालयाच्या १९९० सालच्या बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ निकालाचा आधार घ्याल. १९२९ आणि १९३०ची ल मां शर्यत जिंकलेल्या त्या गाडीचे बहुतेक भाग बदललेले होते, तरी न्यायाधीशांनी ती अस्सल धरली आणि खरेदीदाराला सौदा पाळायला लावला. पण ते इथे लागू पडेल असं मला वाटत नाही. ती गाडी शर्यतीत धावताधावता बदलत गेली होती आणि तिच्या ओळखीत खंड पडला नव्हता. बंद टपाची बॉडी, म्हणजे सलून, उतरवून टूरर चढवली असेल, तर तो बदल नव्हे, बॉडीचा अंतच.

आता पुराव्याकडे वळू. इंग्लंडच्या रोल्स-रॉइस एन्थुझिआस्ट्स क्लबकडे कारखान्याच्या मूळ नोंदी आहेत आणि त्यांची प्रत मिळते. चेसिस कोणाला विकली, बॉडी कोणी बांधली, प्रकार कोणता, हे तिच्यात कळतं. त्यात ‘हूपर, सलून’ निघालं तर तुमचं ‘हूपर’ खरं आणि ‘जशीच्या तशी’ खोटं, अशी अर्धी सुटका. खरेदीदाराकडे त्याच्या जाणकाराचा अहवाल लेखी मागा, आणि दाराच्या उंबऱ्यावरची बांधणाऱ्याच्या नावाची पाटी नि आतल्या लाकडावरचे आकडे दोघांच्या माणसांसमक्ष तपासायची मागणी करा.

बॉडीचा प्रश्न आरटीओतही आडवा येईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली, ‘व्हीए’ मालिकेची. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. ही नोंदणी मिळेल असं तुम्ही त्याला तोंडी जरी सांगितलं असलं, तरी मला कळवा.

आत्यांचं आणखी एक. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने मुलींचा वाटा मुलाच्या बरोबरीचा. आजी तेव्हा हयात असत्या तर त्यांचाही. म्हणजे तुमच्या एकट्याची नसलेली गाडी तुम्ही विकलीत. सहमालकांच्या संमतीने गाडी एकट्याच्या ताब्यात असेल, तर प्रामाणिक खरेदीदाराला मालविक्री कायद्याच्या कलम २८चं संरक्षण मिळतं, पण आत्यांना हिशोब द्यायचा तो तुम्हालाच. आर.सी. मयताच्या नावावर असल्यामुळे ती थेट खरेदीदाराच्या नावे होणारही नाही. आधी वारस म्हणून तुमचं नाव लागलं पाहिजे. तडजोडीच्या मसुद्यावर सही करण्याआधी दोन्ही आत्यांची लेखी संमती घ्या.

नोटिशीला मुदतीत, वकिलामार्फत आणि थोडक्यात उत्तर द्या : आरोप नाकबूल, अहवाल द्यावा, संयुक्त तपासणीस तयार. याहून एक ओळ जास्त नको.

आणि थोरल्या आत्यांकडे या रविवारी जाऊन या, भांडायला नव्हे. त्या तुमच्या सहमालकही आहेत आणि साक्षीदारही. १९६१ नंतरचे लग्नाकार्याचे फोटो मागा. वरात त्या गाडीतून निघाली असेल, तर टप बंद होता की उघडा ते त्यात दिसेल. फोटो अल्बममधून काढू नका; पानासकट आणा.