कमरेला पिस्तूल लावण्याआधी

पिस्तुलाचं लायसन्स मिळालं, अभिनंदन. आता थोडं ऐक. टेक्सासात पिस्तूल होल्स्टरमध्ये उघड बाळगता येतं, म्हणून ते दुकानात भाजी घेताना मिरवायलाच हवं असं नाही. मी शर्टाखालीच ठेवतो. दारावर ३०.०७ ची, म्हणजे उघड पिस्तूल आणायला मनाई करणारी पाटी असेल तर उघड पिस्तूल घेऊन आत जायचंच नाही, वाद घालायचा नाही.

२०१३-१४ मध्ये इथे काही हौशी मंडळी रायफली खांद्याला लावून हॉटेलांत शिरायची, फोटो काढायची. तेव्हा रायफल उघड नेणं कायदेशीरच होतं. पण सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी बंदुका आणू नका अशी जाहीर विनंती केली, मे २०१४ मध्ये चिपोटले या हॉटेलांच्या साखळीनेही. तोवर स्टारबक्स 'जो स्थानिक कायदा, तोच आमचा नियम' म्हणत होतं. आपल्याच बंदूकवाल्या लोकांनी त्याला कोपऱ्यात ढकललं. कॅलिफोर्नियात तर कॉफीच्या दुकानांत रिकामी पिस्तुलं लावून मेळावे भरले, आणि २०११ मध्ये तेही बंद करणारा कायदा आला.

रांगेत मागे लेकराला घेऊन उभ्या असलेल्या बाईला तुझं लायसन्स दिसत नाही रे, बंदूक दिसते. मतदानाला तीही जाते.

आणि हो, गणपतीच्या आरतीला येताना त्या घरच्या यजमानांना आधी विचार. नको म्हणाले तर घरच्या तिजोरीत ठेवून ये.