फालतू माणूस की वरकड माणूस?

प्रश्न असा आहे: रशियन कादंबरीच्या समीक्षेत 'लिश्नी चेलोवेक' (शब्दशः 'जास्तीचा माणूस', म्हणजे हुशार असून ज्याला समाजात काही जागा नाही असा नायक) ही संज्ञा सारखी भेटते. एका टिपणात तिचं मराठी 'फालतू माणूस' असं केलंय. ते चालेल का?

फालतूचा जुना अर्थ जादा, शिलकी असाच आहे, त्यामुळे चूक म्हणवत नाही. पण आज कुणाला फालतू म्हणून बघा! रशियनमधला 'लिश्नी' शिवीच्या वाटेला जात नाही. नाट्यगृहाबाहेर लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला 'लिश्नी तिकीट आहे का?' म्हणून विचारतात. तिकीट अस्सलच असतं, फक्त जास्तीचं.

ही संज्ञा रूढ झाली रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या १८५० मधल्या दीर्घकथेमुळे. तिचा नायक, मरणाला टेकलेला चुल्कातूरिन, रोजनिशी लिहितो आणि स्वतःला हा शब्द लावून वर खूशही होतो, की काय छान शब्द सुचला! मग त्याला गाडीला उगीच बांधलेला पाचवा घोडा आठवतो. ओढायला त्याची गरज नाही, पण आखूड जाड दोर त्याची मांडी कापतोय, शेपूट घासतोय, आणि धावावं तर लागतंयच. मराठीत 'निरुपयोगी' म्हणावं, तर त्या शब्दात तो दोर कुठे येतो?

'उपरा'ही नको. उपरा बाहेरून आलेला असतो. पुश्किनचा अनेगिन, लेर्मोंतोव्हचा पेचोरिन हे या प्रकारातले आधीचे नायक तर घरचेच, खात्यापित्या घरातले, शिकलेले. समीक्षकांनी त्यांना या रांगेत मागाहून बसवलं. १८५९ मध्ये समीक्षक दोब्रोल्यूबोव्हने 'आब्लोमोवपणा म्हणजे काय?' या लेखात सगळ्यांना आब्लोमोवचे, म्हणजे गोंचारोव्हच्या कादंबरीतल्या आळशी नायकाचे, भाऊबंद ठरवून झोडपलं. लेखक-विचारवंत हर्झन चिडला. त्याचं म्हणणं, निकोलाय झारच्या काळात अशा माणसांना करण्याजोगं काम होतंच कुठे?

माझं मत 'वरकड'ला. वरकड खर्च आपण रोज म्हणतो, मार्क्सचं वरकड मूल्यही मराठीत आहे. त्यात हिशेबाबाहेर उरल्याची छटा येते, तुच्छता येत नाही. जरा जुनाट वाटतो खरा, पण १८५० च्या माणसाला तेही शोभतं.

'अतिरिक्त' मात्र राखून ठेवा. तोच चुल्कातूरिन स्वतःला 'स्वेर्खश्तात्नी' म्हणतो, म्हणजे मंजूर पदांपलीकडचा. पटसंख्या घटली की आपल्याकडे शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात ना, अगदी तसा.